पगारी विचारपूस

माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी माझ्या सख्ख्या मामाने वर्षभरात एकदा केली. गोडाउनमधल्या एचआर मॅडमने दर सोमवारी केली. जेवणाच्या सुट्टीत ती आमच्या टेबलाशी यायची, माझ्यासमोर बसायची आणि विचारायची, "आता जिना चढतात का गं आई?" उत्तर ऐकताना मोबाइल टेबलावर पालथा घालून ठेवायची. आपलं बोलणं ऐकायला मोबाइल पालथा घालणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

हे मी रागाने लिहिते आहे, ते आधीच सांगते. राग अजून उतरलेला नाही, आणि तो सगळा तिच्यावरच आहे असंही नाही.

मानकोलीच्या एका गोडाउनात मी दीड वर्ष पॅकिंगच्या लाइनवर होते. कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही, तिथे सगळ्या एकसारख्याच आहेत. आमच्या लाइनवर चाळीस बायका. नऊ तास उभ्याने काम. खोकं उघडायचं, माल घालायचा, चिकटपट्टी मारायची, स्कॅनर लावायचा, पुढे ढकलायचं. सुपरवायझर मागून फिरत राहायचा, "चलो चलो, हाथ चलाओ, गप्पें घर जाके." आणि चाळीस बायकांना मिळून एक टोकन. पिवळ्या प्लास्टिकचा बिल्ला, सुपरवायझरच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेला. बाथरूमला जायचं तर तो गळ्यात घालून जायचं आणि परत आणून टांगायचा. खिळा रिकामा असेल तर थांबायचं.

बायका त्याला मंगळसूत्र म्हणायच्या. "आज मंगळसूत्र कुणाच्या गळ्यात?" "तिच्या. गेली पंधरा मिनिटं आत संसार करते आहे." हसायच्या आणि मांड्या आवळून उभ्या राहायच्या.

माझ्या शेजारी एक काकी उभी असायची. आगरी, राहनाळची, पन्नाशीची. जिथे आज गोडाउनांची रांग आहे तिथे तिच्या सासऱ्याची भातशेती होती, असं ती सांगायची, पण हळहळ न करता, एखाद्याने बसथांबा दाखवावा तसं. घरात तिची नोकरी एवढीच बारमाही होती. मुलगा टेम्पो मिळेल तेव्हा चालवायचा. मला ती 'पेपरवाली' म्हणायची, कारण माझ्या पिशवीत नेहमी काहीतरी लिहिलेले कागद असायचे. "काय गं पेपरवाली, आज कुनाची वाट लावतंस?"

तिला साखरेचा आजार होता. गोळ्या ती लवंगांच्या डबीत ठेवायची. भरतीच्या फॉर्मवर आजाराच्या रकान्यात तिने 'नाही' लिहून घेतलं होतं, कारण 'आहे' लिहिणाऱ्यांना कॉन्ट्रॅक्टर परत पाठवतो हे गावात सगळ्यांना माहीत होतं. एकदा तिला चक्कर आली, मी धरलं, तेव्हा तिने मला सांगितलं. "कुनाला बोलू नको हां. घरचं मानूस म्हनून तुना सांगितलं."

मी म्हणाले, "काकी, वेडी आहेस का? कुणाला सांगेन?"

आता माझ्याबद्दल. माझे वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होते, आणि लूमवर नसत तेव्हा पत्रकं लिहीत. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. बाराखडी मी त्यांवरच गिरवली. 'कामगार बंधूंनो' हे मला न अडखळता वाचता आलेले पहिले दोन शब्द. "बहिणी कुठे आहेत?" असं मी विचारलं, तेव्हापासून वडील 'बंधू-भगिनींनो' लिहू लागले आणि ते मी मोठी होईपर्यंत सगळ्यांना सांगत राहिले. अशा घरात वाढलेल्या मुलीला वाटतं की आपल्याला माणसं कळतात. खांद्यावर हात ठेवणारा सुपरवायझर, निवडणुकीआधी म्हाताऱ्यांच्या पाया पडणारा पुढारी, लग्नाला आहेर पाठवणारा शेठ, हे सगळे मला लांबून ओळखता यायचे. माझा समज असा होता की असला मतलबी गोडवा फक्त पुरुषांचा आणि फक्त ओबडधोबड असतो.

मॅडमने मला गाठलं ते एका अर्जामुळे. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचा कूलर बंद पडला होता. मी अर्ज लिहिला, चाळीसजणींनी सह्या आणि अंगठे केले. दोन दिवसांनी मॅडम लाइनवर आली. तिशीची असेल. ठाण्याहून यायची. गळ्यात कंपनीची निळी पट्टी, पायात साध्या चपला. अर्ज हातात धरून तिने विचारलं, "हा कुणी लिहिलाय? किती स्वच्छ मराठी आहे!"

बाकी सगळ्या खोक्यांकडे बघू लागल्या. शिकलेल्या नव्हत्या, पण एवढी अक्कल प्रत्येकीला होती. मी हात वर केला. पत्रकांवर वाढलेली मी, 'कुणी लिहिलं' असा प्रश्न मालकाच्या माणसाने विचारल्यावर हात वर केला, कारण त्या प्रश्नाला 'स्वच्छ मराठी' अशी शेपटी लावलेली होती.

चार दिवसांत कूलर सुरू झाला. त्यानंतर सोमवार सुरू झाले.

"मॅडम नको गं म्हणूस. ताई म्हण."

मी ताई म्हणू लागले. तिला आईचं ऑपरेशन लक्षात राहायचं, मी बाहेरून देत होते ती परीक्षा लक्षात राहायची, मला कारल्याची भाजी आवडते हेसुद्धा. तिने मला एक कोरी डायरी दिली, जाड पानांची. आणि तिने विचारलं, "सध्या काय लिहितेयस?" हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. वडील फक्त विचारायचे, "किती प्रती काढायच्या?" आई विचारायची, "दिवा कधी मालवतेस?" आणि इथे एक शिकलेली बाई हनुवटीवर हात ठेवून विचारत होती की मी काय लिहिते. मी विरघळले. दुसरा शब्द नाही.

काकी चिडवायची, "तुजी ताई आली बघ. आता आमी कोन?" पण तिलाही ती आवडायची. "बोलते कशी, आपल्यातली वाटते. नायतर त्या आधीची, नाकाला रुमाल लावून यायची."

पावसाळा संपता संपता मी टोकनवर पत्रक लिहायला घेतलं. मथळा होता 'चाळीसजणी, एक टोकन'. पहिले दोन परिच्छेद नेहमीचे, वडिलांच्या वळणाचे. तिसरा माझा होता. आमच्यातली एक बाई घरून निघताना पाणी पीत नाही, असं त्यात लिहिलं होतं. तिला साखरेचा आजार आहे, तहान तिला इतरांपेक्षा जास्त लागते, आणि तीच पाणी पीत नाही. तो परिच्छेद लिहून झाल्यावर मी उठून घरभर फिरले. इतकं चांगलं मी आधी कधी लिहिलं नव्हतं.

आमच्या घराचा एक नियम होता. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला आधी वाचून दाखवायचं, मग छापायला द्यायचं. लूमवरच्या कितीतरी जणांना वाचता येत नसे, म्हणून वडील त्यांच्या खोलीवर जाऊन, चटईवर बसून, सगळं पत्रक मोठ्याने वाचत. "ये काट दो भाई, मेरे घर तक बात जाएगी," असं कुणी म्हटलं की ते ओळ खोडत, कितीही चांगली असली तरी.

मी काकीला वाचून दाखवलं नाही. मी स्वतःला सांगितलं की छापायच्या आधी दाखवेन. खरं कारण वेगळं होतं. काकीने ऐकून 'बरं हाय' म्हटलं असतं. मला 'बरं हाय' नको होतं. मला तिसऱ्या परिच्छेदाला दाद हवी होती, आणि दाद देऊ शकणारं माणूस माझ्या ओळखीत एकच होतं.

म्हणून सोमवारी मी तो कागद मॅडमपुढे ठेवला. ती कंपनीची आहे हे मी विसरले नव्हते. मी त्यालाही उत्तर तयार ठेवलं होतं: ती आतली असली तरी मनाने आपली आहे.

तिने कागद वाचला. तिसरा परिच्छेद दोनदा वाचला, तिच्या डोळ्यांची हालचाल मी बघत होते. मग डोळे पुसले. खरंच पुसले.

"कोण गं ही? खरी आहे?"

"खरीच. माझ्या शेजारी उभी असते ती."

एवढंच. कुणी धाक दाखवला नाही, आमिष दाखवलं नाही. एका लिहिणारीने आपलं पात्र कौतुकाने दाखवावं तसं मी बोट केलं. पलीकडच्या टेबलावर काकी कुणाच्या तरी डब्यातली सुकटाची चटणी चाखून नाक मुरडत होती.

"अजून छापू नकोस," मॅडम म्हणाली. "मला पंधरा दिवस दे. आतून प्रयत्न करते."

दहाव्या दिवशी खिळ्यावर तीन टोकनं आली. लाइनवर दिवाळी. "मंगळसूत्राला सवती आल्या गं!" असं कुणीतरी ओरडलं आणि सुपरवायझरही हसला. मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं की न छापता जिंकलो. ते खुश झाले नाहीत. त्यांनी विचारलं, "जिच्याबद्दल लिहिलंस, तिला वाचून दाखवलंस?" मी म्हणाले, आता छापायचंच नाही तर कशाला. ते पंखा पुसायला स्टुलावर चढले.

त्याच्या पुढच्या सोमवारी गेटवर काकीचं कार्ड लागलं नाही. मशीनवर लाल दिवा. तिने पदराने कार्ड पुसून परत लावलं. परत लाल. वॉचमनने तिच्या हातात लिफाफा दिला. मराठीत पत्र होतं, मीच तिला वाचून दाखवलं. आपल्याला असलेल्या मधुमेहामुळे दीर्घकाळ उभ्याने काम करणे आपल्या प्रकृतीस अपायकारक आहे, आपल्या हिताचा विचार करून आपणास या कामातून मुक्त करण्यात येत आहे. खाली सहीऐवजी शिक्का.

"यांना कसं कललं?" काकी म्हणाली. "त्या मुडद्या सुपरवायझरनी डबी उघडली असंल."

मी पत्राची घडी घालून तिच्या हातात दिली. आमच्या मागून कार्ड लावणाऱ्या बायकांची रांग सरकत होती. माझं कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला.

सुट्टीत मी मॅडमची वाट बघितली. ती आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी मी तिच्या केबिनमध्ये गेले.

"ये गं, बस. पाणी घे. आई कशी आहे?"

त्याच आवाजात. एक स्वर इकडचा तिकडे नाही. तिथे मला पहिल्यांदा भीती वाटली.

"काकीला काढलंत तुम्ही."

"काढलं काय म्हणतेस? अगं, लाइनवर तिला काही झालं असतं तर? आणि फॉर्मवर खोटं लिहिलं होतं तिने. मला कळल्यावर मी गप्प बसू शकत नाही. माझीही नोकरी आहे."

"मी तुम्हाला ते ताई म्हणून सांगितलं होतं."

"मी कधी म्हटलं की मी इथे कामाला नाही?"

तिने मला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. मी तिच्या कंपनीत, तिच्या कामाच्या वेळेत, तिच्या पट्टीकडे बघत तिला ताई म्हणत होते.

"काकीला तुम्ही फोन केलात, असं लाइनवर कळलं. बसून करायचं काम निघालं की पहिली तुम्हाला बोलावते, असं सांगितलंत."

"हो."

"कधी निघणार?"

तिने दाराकडे बघितलं. दार बंद होतं. मग थोडी हसली, मैत्रिणीशी हसावं तशी. "तुला माहितीये ना, इथे बसून काम कुठे असतं."

"मग का सांगितलंत?"

"एवढं तर माणुसकीने बोलावंच लागतं ना गं."

मी उठले. दाराशी गेल्यावर, लाज सोडून, विचारलं, "आणि माझं लिहिणं?"

"ते मला खरंच आवडलं होतं," ती म्हणाली.

मला त्या वाक्याचा सगळ्यात जास्त राग येतो, कारण ते खरं असू शकतं. डोळे पुसणं खरं असेल आणि पुसता पुसता 'कोण गं ही' विचारणंही कामाचं असेल. एकाच मिनिटात दोन्ही. पत्रकांत असं माणूस नसतं. पत्रकांत मुखवटा असतो आणि मुखवट्यामागे चेहरा असतो, तो फाडला की झालं. इथे फाडायला काही नव्हतं.

नंतर मी ते सगळे सोमवार परत परत चाळले. काय चुकलं वाचायला? तिला माझं सगळं माहीत होतं आणि मला तिची आई जिवंत आहे की नाही हेही माहीत नव्हतं. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली, "माझं काय गं, मजेत," आणि लगेच लाइनवर नवीन आलेल्या दोघींबद्दल विचारलं. आईच्या गुडघ्यावरून सुरू झालेलं बोलणं दर वेळी लाइनवर येऊन थांबायचं आणि मला वाटायचं, ते मीच तिथे आणलं. तिने मला निरुपयोगी असं एकदाही काही विचारलं नाही. काकी विचारायची. तुज्या केसांना काय लावतंस, काल सपनात काय आलं, सिनेमात मेलेला मानूस शेवटी जित्ता कसा झाला. त्या प्रश्नांच्या उत्तरांचा जगात कुणालाही काही उपयोग नव्हता. मला ते गावंढळ वाटायचे.

शुक्रवारी काम सुटल्यावर मी राहनाळला गेले. काकी ओट्यावर बसून होती, मोबाइल पदरात घेऊन.

"पेपरवाली! ये ये. मॅडमचा फोन यील म्हनून बसलंय. आत रेंज न्हाय."

शेजारची बाई दारात उभी होती. पूर्णा गावच्या एका गोडाउनात भरती चालू होती, ती उद्या, शनिवारी नाव द्यायला जाणार होती आणि दोन दिवस काकीच्या मागे लागली होती. उद्याचाच दिवस होता. "सांग हो तू तरी हिला," ती मला म्हणाली. "ऐकत न्हाय. मॅडम, मॅडम."

"अगो, तिनी सोता फोन केला," काकी म्हणाली. "येवढी मोठी बाई. मना इचारते, गोल्या घेता ना वेलेवर. पोटच्या पोरानी कदी इचारलं न्हाय. आन् मी पूर्न्याला गेलो न् हिकडं तिचा फोन आला तर? तोंड काय दाखवू?"

"काकी, तो फोन येणार नाही."

"तुना काय ठाव?"

"तिनेच सांगितलं. बसून करायचं काम तिथे नसतंच."

"तुजं भांडान झालं असंल तिच्याशी," काकी हसून म्हणाली. "तुजं समद्यांशी व्हतं."

मी पुन्हा सांगितलं, केबिनमधलं सगळं, शब्दाला शब्द. तिने मान हलवली. माझ्यापेक्षा तिला मॅडम खरी वाटत होती आणि त्यात तिची काय चूक? इतके महिने मीच तिच्यासमोर ताई, ताई करत होते. तिला वाट बघण्यातून उठवायचं तर एकच गोष्ट सांगायला उरली होती. शेजारीण आत जाईल म्हणून मी थांबले. ती गेली नाही.

"तिला साखरेचं कुणी सांगितलं माहीत आहे?"

"सुपरवायझरनी."

"मी."

काकीने मोबाइल पदरातून काढून ओट्यावर ठेवला.

"मी लिहिलं होतं तुझ्यावर. तिला वाचायला दिलं. कोण म्हणून विचारलं तिने, मी तुला दाखवलं. तुला काढायला म्हणूनच विचारलं होतं तिने, काकी. फोनवर गोळ्यांचं विचारलं, तेही तू गप्प बसावीस म्हणून."

रस्त्याने एक कंटेनर गेला, तो जाईपर्यंत बोलून उपयोगही नव्हता.

"तिना त्याचा पगार हाय," काकी म्हणाली. "ती इचारनार, गोड बोलनार, ते तिचं काम हाय. तुना कसला पगार व्हता?"

मी रडू लागले. तिने मला गप्प केलं नाही. शेजारणीकडे वळून ती म्हणाली, "उद्या कितीला निघतंस?"

"आठला. आधार कार्ड घे न् दोन फोटो."

"फोटो हाय माज्याकडं." मग माझ्याकडे न बघता, "तू जा आता. रिक्षा मिलनार न्हाय मग."

पूर्ण्याला तिचं काम झालं. मी त्या महिन्याच्या शेवटी मानकोली सोडलं. जाताना मॅडमने मला कॉरिडॉरमध्ये थांबवून पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा दिल्या, आणि मी, सवयीने, थँक्यू म्हणाले. त्या थँक्यूची मला अजून लाज वाटते. टोकनवरचं पत्रक मी तिसरा परिच्छेद काढून छापलं आणि नाक्यावर उभी राहून वाटलं. वडील म्हणाले, पत्रक जरा कोरडं झालंय. मी म्हणाले, असू दे.

काकी मला त्यानंतर एकदाच भेटली, मासळीबाजारात. वाकटी घासाघीस करून घेत होती. मी जवळ गेले आणि विचारलं, "काकी, तब्येत कशी आहे?"

तिने माझ्या पिशवीकडे बघितलं. "लिवायला पायजे?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "हो. लिहिते आहे."

कोळणीने कागदात बांधून दिलेली वाकटी तिने पिशवीत टाकली. मग म्हणाली, "माजं गाव बदल. आन् तू काय केलंस ते तसंच ठेव."

ती राहनाळची नाही.